हत्ती, ख्रिस्त आणि महापालिकेचा ठराव

दुपारचा एक वाजला की ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात ऑर्गन वाजू लागतो. रविवार असेल तर तीन वाजता. मधल्या उंच दालनाच्या सज्जात बसवलेलं हे अवाढव्य वाद्य १९०१ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तयार करण्यात आलं आणि प्रदर्शन उठल्यावर इथं आणून कायमचं ठेवलं गेलं. वादक कधी बाख वाजवतात, कधी एखाद्या चित्रपटातलं गाणं. २०१६ साली डेव्हिड बोवी हा गायक गेला, तेव्हा याच ऑर्गनवर त्याचं गाणं वाजलं आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. खाली कुणी बाबागाडी ढकलत असतं, कुणी चहाबरोबर केक खात असतं, शाळेची पोरं गणवेशात जमिनीवर बसून कागदावर हत्ती काढत असतात. चित्रसंग्रहालयात पाऊल ठेवलं की आवाज आपोआप खाली आणायचा, ही आपल्या अंगवळणी पडलेली शिस्त इथं पहिल्या पाच मिनिटांतच ढिली होते.

इथं तिकीट नाही. दाराशी देणगीची पेटी असते, पण पैसे टाकायचे की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. रेम्ब्राँ, बोत्तिचेली, व्हॅन गॉग, मोने यांची अस्सल चित्रं पाहायला छदामही पडत नाही. खास पाहुण्या प्रदर्शनांना तेवढं तिकीट असतं. याचं कारण साधं आहे. ही चित्रं ग्लासगो शहराच्या मालकीची आहेत. लंडनची नॅशनल गॅलरी देशाची. केल्विनग्रोव्ह मात्र नगरपालिकेचं. रस्ते, दिवे, बागा, कचरा यांचा हिशोब ज्या सभागृहात होतो, त्याच सभागृहात इथल्या चित्रांचाही होत आला आहे. आज रोजचा कारभार ‘ग्लासगो लाइफ’ ही धर्मादाय संस्था पाहते, पण मालकी शहराचीच. आणि मालक म्हटला की तो बोलणार, भांडणार, हिशोब मागणार. केल्विनग्रोव्हची खरी गंमत भिंतींवरच्या चित्रांत जेवढी आहे, तेवढीच या मालकांच्या भांडणांत आहे.

संग्रहालयाकडे यायचा सोपा रस्ता म्हणजे भुयारी रेल्वे. १८९६ साली सुरू झालेली ही ग्लासगोची चिमुकली रेल्वे एकाच गोल फेऱ्यात फिरते, त्यामुळे चुकायचं म्हटलं तरी फारसं चुकता येत नाही. केल्विनहॉल स्टेशनावर उतरून पाच-सात मिनिटं चाललं की तांबड्या वालुकाश्माची, बुरुज-मनोऱ्यांची इमारत दिसू लागते. केल्विन हे मुळात शेजारून वाहणाऱ्या छोट्या नदीचं नाव. काठावरच्या टेकडीवर ग्लासगो विद्यापीठ आहे. तिथले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांना सरदारकी मिळाली, तेव्हा त्यांनी उपाधीसाठी या नदीचं नाव घेतलं आणि ते लॉर्ड केल्विन झाले. अकरावीच्या पुस्तकात तापमान मोजायला जो केल्विन भेटतो, तो असा या नदीतून आलेला. केल्विनग्रोव्ह म्हणजे केल्विनकाठची राई.

ग्लासगोत कुणालाही विचारा, तो एक गोष्ट हमखास सांगेल: ही इमारत चुकून उलटी बांधली गेली. दर्शनी बाजू मागे गेली आणि ते लक्षात येताच वास्तुशिल्पकारानं मनोऱ्यावरून उडी टाकली. गोष्ट झकास आहे, खरी मात्र नाही. इमारतीचं मुख्य तोंड बागेकडं आणि नदीकडं असावं, असंच पहिल्यापासून ठरलं होतं, कारण १९०१ चं प्रदर्शन त्या बागेतच भरणार होतं. आज बहुतेक लोक रस्त्याच्या बाजूनं येतात, म्हणून त्यांना मागच्या दारानं शिरल्यासारखं वाटतं. ज्यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, ते सिम्पसन आणि मिलनर ॲलन हे वास्तुशिल्पकार. याच स्पर्धेत एका तरुणाचा आराखडा नापसंत झाला होता. त्याचं नाव चार्ल्स रेनी मॅकिंटॉश. पुढं हाच माणूस ग्लासगोची ओळख बनला, आणि त्यानं एका चहागृहासाठी केलेली सजावट आज याच इमारतीत मानानं मांडलेली आहे.

शहराकडं चित्रं आली कशी, याची कथा एका घोडागाडीच्या कारखानदारापासून सुरू होते. आर्चिबाल्ड मॅक्लेलन हा घोडागाड्या बांधणारा धनिक. इटालियन आणि डच चित्रांचा त्याला भारी नाद. ती चित्रं ठेवायला त्यानं गावात दालनंही बांधायला घेतली. १८५४ साली तो वारला आणि मृत्युपत्रात सगळा संग्रह शहराला देऊन गेला. मृत्युपत्र उघडल्यावर कळलं की माणूस कर्जात बुडालेला होता. दान मिळालं, पण त्यावर सावकारांचा हक्क होता. नगरपालिकेपुढं दोन वाटा होत्या: लिलाव होऊ द्यायचा, किंवा पैसे मोजून आपलंच दान विकत घ्यायचं. बऱ्याच वादानंतर १८५६ साली नगरपालिकेनं इमारत आणि चित्रं मिळून ४४,५०० पौंडांना घेतली. त्यातले चित्रांचे १५,००० आणि बाकीचे इमारतीचे. शहराला तेव्हा दालनांची गरज जास्त वाटत होती, चित्रं जणू वरकड म्हणून आली होती. त्याच वरकडीतलं एक चित्र, व्यभिचाराचा आरोप ठेवलेल्या स्त्रीला ख्रिस्तापुढं आणल्याचा प्रसंग, कधी जॉर्जोनेच्या तर कधी तिशनच्या नावावर सांगितलं जातं आणि आज संग्रहाच्या मानबिंदूंपैकी एक आहे.

नवी इमारत उभी राहिली ती जत्रेच्या पैशांवर. १८८८ साली केल्विनग्रोव्हच्या बागेत आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्याला पन्नास लाखांहून जास्त लोक आले आणि ४० हजार पौंडांहून अधिक नफा झाला. त्याच नफ्यातून संग्रहालयाची कल्पना पुढं सरकली, आणि १९०१ च्या दुसऱ्या प्रदर्शनात इमारतीचे दरवाजे उघडले. या दुसऱ्या प्रदर्शनाला तर एक कोटीहून जास्त लोक लोटले. जहाजं, आगगाडीची इंजिनं, तंबाखू, कापूस आणि साखर यांवर गब्बर झालेलं ग्लासगो तेव्हा स्वतःला साम्राज्याचं दुसरं शहर म्हणवून घेत होतं.

आत शिरल्यावर डाव्या-उजव्या अशा दोन बाजू पडतात. एका बाजूला निसर्ग, इतिहास, माणसाचं जगणं. दुसऱ्या बाजूला चित्रं आणि शिल्पं. एका चौकात छताला ग्लासगोच्या हवाई तुकडीचं स्पिटफायर विमान टांगलेलं आहे. दुसऱ्या चौकात पन्नासहून जास्त पांढरीशुभ्र मुंडकी हवेत लटकत असतात: हसणारी, रडणारी, ओरडणारी, खुळ्यासारखी पाहणारी. सोफी केव्ह या कलावतीची ही रचना. पोरं खाली उभी राहून त्यांची तोंडं वेडावून दाखवतात.

विमानाच्या खाली उभा आहे सर रॉजर. हा आशियाई हत्ती. फिरत्या प्राणिमेळ्यातून निवृत्त होऊन तो ग्लासगोच्या खासगी प्राणिसंग्रहालयात आला. १९०० च्या सुमाराला त्याला माज चढला, तो माणसांवर धावू लागला, कुणाला आवरेना. शेवटी एका सकाळी तो न्याहारी करत असताना त्याला गोळी घातली. नंतर त्याच्या कातडीत भुसा भरून त्याला इथं उभं केलं. आपल्याकडं माजावर आलेल्या हत्तीला साखळदंडात ठेवून माहूत दिवस काढतो. इंग्रजीनं त्या अवस्थेचा शब्दही ‘मस्त’ असाच आपल्याकडून उचलला. शब्द पोचला, माहुताची हातोटी मात्र पोचली नाही.

हत्तीवरून मुंबई आठवते. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे आपल्याकडचं केल्विनग्रोव्हचं भावंड म्हणावं असं. १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून ते उघडलं, १९७५ साली त्याला आजचं नाव मिळालं, आणि तेही महापालिकेच्याच मालकीचं. त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ साली त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलतानाच तो पडून फुटला. तुकडे मुंबईतच राहिले आणि पुढं जोडून उभे केले गेले. फुटला, म्हणून वाचला.

केल्विनग्रोव्हमध्ये एकाच वेळी सुमारे आठ हजार वस्तू मांडलेल्या असतात. सगळ्या पाहायच्या म्हटलं तर पाय दुखून येतील आणि डोळ्यांपुढं काहीच उरणार नाही. २००३ ते २००६ इमारत बंद ठेवून तिची डागडुजी झाली, तेव्हा मांडणीचीही फेररचना झाली. शतकांच्या क्रमानं चित्रं लावण्याऐवजी बावीस दालनांत बावीस विषय घेतले. पाट्या लहान मुलांच्या नजरेला येतील इतक्या खाली लावल्या. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण गर्दी वाढली. जुने गावकरी एक रीत सांगतात: एका फेरीत चार-पाच वस्तूच निवडायच्या आणि प्रत्येकीपुढं दहा मिनिटं थांबायचं. प्रवेश फुकट असल्यामुळं ही चैन परवडते. उरलेलं पुढच्या शनिवारी.

पाटी वाचताना नजर बहुधा चित्रकाराच्या नावावर आणि सालावर थांबते. खरी गोम शेवटच्या बारीक ओळीत असते. चित्र विकत घेतलं, भेट मिळालं की मृत्युपत्रानं आलं, हे तिथं लिहिलेलं असतं. व्हॅन गॉगनं १८८७ साली काढलेल्या एका व्यक्तिचित्राचं उदाहरण घ्या. तांबूस दाढी, खोल डोळे. पाहणाऱ्याला वाटतं, हा खुद्द व्हॅन गॉगच. जाणकारही एके काळी तसंच समजत होते. प्रत्यक्षात तो अलेक्झांडर रीड, ग्लासगोचा चित्रविक्रेता. तरुणपणी पॅरिसमध्ये तो काही काळ व्हॅन गॉग बंधूंच्या बिऱ्हाडी राहिला होता. दोघं दिसायला जुळ्या भावांसारखे. पुढं याच रीडनं स्कॉटलंडमधल्या कारखानदारांना नव्या फ्रेंच चित्रांची गोडी लावली, आणि त्या धनिकांच्या घरांतून ती चित्रं यथावकाश शहराकडं आली. ग्लासगोसारख्या कोळशाच्या धुरात माखलेल्या गावात मोने आणि देगा कुठून आले, या कोड्याचं बरंचसं उत्तर या एका दाढीत आहे.

आता भांडणांकडं. १८९१ साली नगरपालिकेनं व्हिस्लर या अमेरिकन चित्रकाराकडून टॉमस कार्लाइल या स्कॉटिश विचारवंताचं व्यक्तिचित्र एक हजार गिनींना घेतलं. राखाडी भिंत, काळा कोट, थकलेला म्हातारा. व्हिस्लर तेव्हा वादग्रस्त होता आणि त्याचं चित्र घेणारी ही पहिली सार्वजनिक संस्था ठरली. नगरसेवकांच्या मागं लागून हे घडवून आणलं ते गावातल्याच तरुण चित्रकारांनी.

त्याहून मोठा गहजब झाला १९५२ साली. टॉम हनीमन हे तेव्हाचे संचालक. मूळचे डॉक्टर, मग चित्रविक्रेते, मग नगरपालिकेचे नोकर. त्यांनी साल्वादोर दालीचं ‘क्राइस्ट ऑफ सेंट जॉन ऑफ द क्रॉस’ हे चित्र ८,२०० पौंडांना विकत घ्यायला लावलं. मागितलेली किंमत १२,००० होती. घासाघीस करून ती खाली आणली आणि शिवाय चित्राचे छपाईहक्कही पदरात पाडून घेतले. युद्ध संपून सातच वर्षं झाली होती, कित्येक जिन्नस अजून रेशनवर मिळत होते, झोपडपट्ट्या माणसांनी गच्च भरल्या होत्या. अशा दिवसांत नगरपालिका एका स्पॅनिश विक्षिप्ताच्या चित्रावर एवढे पैसे उधळते? वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. ग्लासगो कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अर्ज केला की हे पैसे स्थानिक चित्रकारांसाठी वापरा.

चित्र आहे तरी कसं? दोन मीटरहून उंच. काळ्या अवकाशात क्रूस तरंगतो आहे आणि आपण तो वरून, जणू आभाळातून पाहतो. ख्रिस्ताचा चेहरा दिसतच नाही. दिसतात खांदे, केस, ताणलेले दंड. खिळे नाहीत, रक्त नाही, काटेरी मुकुट नाही. खाली दालीच्या घराजवळचा समुद्र, होडी, कोळी. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश संतानं काढलेल्या छोट्या रेखाटनावरून ही कल्पना सुचली, म्हणून चित्राच्या नावात त्या संताचं नाव. शरीर अचूक यावं म्हणून दालीनं हॉलिवूडच्या एका कसरतपटूला वर टांगून त्याचा अभ्यास केला. धार्मिक माणसाला यात ध्यान दिसतं, भूमितीच्या माणसाला त्रिकोण आणि वर्तुळ.

१९६१ साली एका तरुणानं दगडानं आणि हातांनी हे चित्र फाडलं. संग्रहालयाच्या कारागिरांनी ते इतकं बेमालूम जोडलं की जखम शोधावी लागते. छपाईहक्क शहराकडं असल्यामुळं पोस्टकार्डं, भित्तिचित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं यांतून पैसा येत राहिला आणि ८,२०० पौंड केव्हाच वसूल झाले. ज्या चित्रावरून गाव भांडलं, तेच आज गाव पाहुण्यांना पहिल्यांदा दाखवतं.

दालीच्या वादात प्रश्न होता काय घ्यायचं. शतक संपता संपता दुसरा प्रश्न आला: काय परत द्यायचं?

१८९१-९२ च्या हिवाळ्यात ‘बफेलो बिल’चा घोडेस्वारांचा खेळ ग्लासगोत मुक्कामाला होता. त्यातल्या जॉर्ज क्रेगर नावाच्या दुभाष्याकडून नगरपालिकेच्या संग्रहालयानं काही वस्तू घेतल्या. त्यांत एक साधा कापडी सदरा होता. अमेरिकेतल्या लकोटा जमातीची माणसं एका विशिष्ट नृत्यविधीच्या वेळी असे सदरे घालत. ते घातल्यावर गोळी लागत नाही, अशी श्रद्धा होती. हा सदरा डिसेंबर १८९० मध्ये वुंडेड नी इथल्या कत्तलीत मारल्या गेलेल्या कुणाच्या तरी अंगावरचा, असं सांगितलं गेलं होतं. शंभर वर्षं तो ग्लासगोत राहिला. १९९२ साली एका अमेरिकन पाहुण्यानं तो प्रदर्शनात पाहिला आणि कत्तलीतून वाचलेल्यांच्या वंशजांपर्यंत बातमी पोचली. त्यांनी मागणी केली. १९९५ साली शहरानं नकार दिला. मागणी थांबली नाही. अखेर नोव्हेंबर १९९८ मध्ये जाहीर सुनावणी झाली. लकोटांचे प्रतिनिधी अटलांटिक ओलांडून आले, गावकऱ्यांनीही आपली मतं मांडली, नगरसेवकांनी ठराव केला आणि १९९९ साली सदरा घरी गेला. त्याच्या जागी लकोटा स्त्री मार्सेला लबो यांनी स्वतः शिवून दिलेला तसाच सदरा केल्विनग्रोव्हमध्ये लावलेला आहे. पाहणारा नकलेपुढं उभा राहतो आणि अस्सल वस्तू इथं का नाही, ते वाचतो.

भारताची पाळी २०२२ साली आली. १९ ऑगस्ट रोजी केल्विनग्रोव्हमध्येच समारंभ झाला आणि सात वस्तूंची मालकी भारताकडं सोपवल्याच्या कागदांवर सह्या झाल्या. ब्रिटनमधल्या संग्रहालयांपैकी भारताला अशा वस्तू परत करणारं ग्लासगो हे पहिलं. सातांपैकी सहा वस्तू एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातल्या देवळांतून आणि देवस्थानांतून उचललेल्या. त्यांत कानपूरच्या एका देवळाच्या दाराची अकराव्या शतकातली कोरीव दगडी चौकटपट्टी आहे. या वस्तू कुठकुठल्या, तर कानपूर, कलकत्ता, बिहार, हैदराबाद आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर. सातवी वस्तू तलवार. ती हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून १९०५ साली चोरीला गेली आणि सर आर्चिबाल्ड हंटर या ब्रिटिश सेनानीला विकली गेली. सातही वस्तू पुढं शहराला भेट म्हणून मिळाल्या होत्या. देणाऱ्यांनी दिल्या, शहरानं घेतल्या. मुळात त्या कुणाच्या, हे विचारायला शंभर वर्षं लागली.

मराठी वाचकाला इथं वाघनखांची आठवण होणारच. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, रांगा लागल्या. पण ती आली तीन वर्षांच्या बोलीवर. ग्लासगोनं मालकीच देऊन टाकली आणि लंडननं उसनी दिली, असं का? इच्छेचा भाग असेल तो असो, पण मुख्य मुद्दा कायद्याचा आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे राष्ट्रीय संग्रहालय. १९८३ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यानं त्याच्या विश्वस्तांचे हात बांधलेले आहेत. मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू त्यांना कायमची देता येत नाही. ब्रिटिश म्युझियमचंही तसंच, त्याचा कायदा १९६३ चा. तिथं काही द्यायचं तर संसदेनं कायदा बदलायला हवा. ग्लासगोचा संग्रह नगरपालिकेचा, त्यामुळं तिथं समितीचा ठराव पुरतो. एकाच देशातल्या दोन काचपेट्या. एकीची किल्ली संसदेकडं, दुसरीची नगरसेवकांकडं.

वाघनखांच्या डबीवरचा मजकूर त्यांचा संबंध जेम्स ग्रँट डफशी जोडतो. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक असलेला हा ग्रँट डफही स्कॉटलंडचाच, बॅन्फचा. ही नखं खरोखर शिवछत्रपतींनी वापरली का, याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द ते संग्रहालय सांगतं.

मालकीचा तिसरा प्रकार पाहायचा तर शहराच्या दक्षिणेला पोलोक बागेत जावं. सर विल्यम बरेल हे जहाजमालक. जहाजं घ्यायची-विकायची आणि आलेल्या पैशांतून चिनी भांडी, मध्ययुगीन पडदे, रंगीत काचा, देगाची चित्रं गोळा करायची, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. पुण्यात काका केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवत जसा संसार मांडला, तसाच हा, फक्त खिसा मोठा. १९४४ साली हनीमन यांच्या प्रयत्नांनी बरेल यांनी सगळा संग्रह शहराला दिला, पण अटी घालून. संग्रहालय शहराच्या धुरापासून दूर असावं आणि वस्तू समुद्रापार पाठवू नयेत. जहाजांच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा समुद्रावर भरवसा नव्हता! धुरापासून दूर जागा मिळवण्यात आणि पैसे उभे करण्यात जवळजवळ चार दशकं गेली. संग्रहालय उघडलं १९८३ साली. पुढं छप्पर गळू लागलं, दुरुस्तीला पैसे हवे, त्यासाठी वस्तू परदेशी प्रदर्शनांना पाठवाव्यात असं ठरलं, तर बरेलांची अट आडवी. शेवटी २०१४ मध्ये स्कॉटिश संसदेनं खास कायदा करून ती अट सैल केली. दुरुस्तीनंतर २०२२ साली दारं पुन्हा उघडली आणि पुढच्याच वर्षी त्याला ब्रिटनमधलं वर्षातलं सर्वोत्तम संग्रहालय म्हणून गौरवण्यात आलं.

भिंतीवर असतं, त्याच्या कित्येक पट कोठारात असतं, हे सगळ्याच संग्रहालयांचं गुपित. ग्लासगोनं ते उघडं केलं. नित्सहिल या उपनगरात कोठारांची इमारत आहे, शहराच्या मालकीच्या दहा लाखांहून अधिक वस्तूंचा मोठा वाटा तिथं ठेवलेला आहे आणि गावकऱ्यांना तिथं फेरफटक्यासाठी नेलं जातं.

शहराच्या मध्यावर, क्वीन स्ट्रीटवर, आधुनिक कलेचं दालन आहे. लोक त्याला नुसतं ‘गोमा’ म्हणतात. इमारत १७७८ सालची, विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वाडा. तंबाखू पिकवणारे गुलाम होते. वाड्याचा पैसा त्या घामाचा. ग्लासगो नगरपालिकेनं २०२२ साली गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. वाड्याचा पुढं व्यापाऱ्यांचा बाजार झाला, मग वाचनालय, आणि १९९६ साली कलादालन.

पण गर्दी असते ती दाराबाहेरच्या पुतळ्याभोवती. घोड्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिल्पकार मारोकेत्ती, साल १८४४. आणि ड्यूकच्या डोक्यावर नारिंगी-पांढरा प्लास्टिकचा शंकू, रस्त्याच्या कामावर ठेवतात तो. १९८०च्या दशकापासून कुणीतरी रात्री वर चढून तो ठेवतं, नगरपालिका काढते, पुन्हा कुणीतरी ठेवतं. २०१३ साली नगरपालिकेनं चौथरा उंच करायची योजना आखली, खर्च ६५,००० पौंड. दिवसभरात हजारो सह्यांची मोहीम उभी राहिली आणि योजना गुंडाळावी लागली. बँक्सी या अज्ञातवासी भित्तिचित्रकारानं २०२३ च्या उन्हाळ्यात ‘कट अँड रन’ हे आपलं प्रदर्शन गोमात भरवलं, तेव्हा जागा निवडण्याचं कारण म्हणून त्यानं हा शंकूच पुढं केला. ही ब्रिटनमधली आपली सगळ्यात आवडती कलाकृती, असं तो म्हणाला. पंचवीस वर्षांत लपूनछपून वापरलेले त्याचे साचे तिथं पहिल्यांदा उघड मांडले गेले. प्रेक्षकांचे फोन दाराशीच कुलूपबंद पिशव्यांत ठेवले जात, आणि आठवडाअखेरीला दालन रात्री उशिरापर्यंत उघडं राही.

सगळे वर पाहून फोटो काढतात. चौथऱ्याच्या बाजूंवर ब्राँझचे उठावपट आहेत, तिकडं फार थोड्यांचं लक्ष जातं. एका पटावर वॉटर्लू आहे, ते अपेक्षितच. दुसऱ्या पटावर असई आहे.

असई म्हणजे जालना जिल्ह्यातलं छोटं गाव. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याची गाठ पडली. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा हाच ड्यूक. तो जिंकला, पण शिंद्यांच्या तोफांनी त्याची मेलेली आणि जखमी मिळून दीड हजारांवर माणसं टिपली. उतारवयात त्याला आपल्या सगळ्यात सरस लढाईचं नाव विचारलं, तर त्यानं वॉटर्लूचं न सांगता असईचं सांगितलं, असं नमूद आहे. तोफांच्या तोंडी सगळ्यात जास्त सापडली ती ७४ वी हायलंडर पलटण. तिची निम्म्याहून जास्त माणसं त्या दुपारी पडली. कंपनीनं तिला मानाचं जादा निशाण दिलं आणि हत्तीचं चिन्ह बहाल केलं. १८८१ साली ती हायलंड लाइट इन्फंट्रीत मिसळली. ही ग्लासगो शहराची म्हणून ओळखली जाणारी पलटण. १९५९ साली तिचं दुसऱ्या पलटणीत विलीनीकरण होईपर्यंत ग्लासगोची पोरं टोपीवर जो बिल्ला मिरवत, त्यावर जालना जिल्ह्यातल्या या गावाचं नाव होतं आणि नावाबरोबर एक इवलासा हत्ती.